फोटोशॉप उघडलं की मशीन बिथरतं, तेव्हा रॅम विकत घेण्याआधी काय तपासायचं

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तुम्ही लग्नाचे अल्बम डिझाइन करता. फोटोशॉपमध्ये तास-दीड तास काम झालं की मशीन बिथरतं. कधी कर्सर उड्या मारतो, कधी हातातलं टूल आपोआप बदलतं, कधी स्क्रीन दोन-तीन सेकंद काळी होऊन परत येते, कधी ‘स्क्रॅच डिस्क फुल’ (रॅम अपुरी पडली की फोटोशॉप डिस्कवरची जी जागा वापरतं ती भरली) असा संदेश येतो, आणि अधूनमधून मशीन न सांगता रिस्टार्ट होतं. एरवी नेट, व्हिडिओ, बिलांची शीट, सगळं सुरळीत. विंडोज दोनदा नव्याने टाकलं, फोटोशॉपचं व्हर्जन बदललं, फरक नाही. आता दुकानदार म्हणतो, १६ जीबी रॅम आहे ती ३२ करा. करावी का?

माझं उत्तर: अजून नाही. रॅम वाढवून फायदा होईलही कदाचित, पण तुमच्या तक्रारींपैकी फक्त एकीचा त्या सल्ल्याशी थेट संबंध लागतो. तुम्ही या सगळ्याकडे एकच आजार म्हणून बघताय. मला त्यात किमान तीन वेगळे बिघाड दिसतात, आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे कुठलाच उपाय लागू पडल्यासारखा वाटत नाही.

‘फक्त फोटोशॉपमध्येच होतं, म्हणजे दोष फोटोशॉपचाच’ हा निष्कर्ष स्टुडिओवाल्यांकडून मी सतत ऐकते, आणि तो बहुतेक वेळा चुकतो. ब्राउझर किंवा एक्सेल मशीनचा थोडासाच भाग वापरतात. फोटोशॉप मात्र रॅमच्या कोपऱ्याकोपऱ्यात डेटा भरतं, ग्राफिक कार्डाला जुंपतं, एसएसडीवर सलग जीबीच्या जीबी लिहितं आणि त्याच वेळी पेन टॅब्लेटकडून दाबाची माहिती घेत असतं. एरवी झोपलेला दोष अशा वेळी जागा होतो. खात्री करायची तर एखाद्या दिवशी तीच फाइल साधी जेपीईजी करून गिम्प या फुकट फोटो प्रोग्राममध्ये उघडा आणि तासभर तसंच काम करा. तिथेही स्क्रीन काळी झाली, मशीन रिस्टार्ट झालं, तर फोटोशॉप निर्दोष आहे आणि विंडोज तिसऱ्यांदा टाकण्यात अर्थ नाही.

पण कुठलीही तपासणी सुरू करण्याआधी एक गोष्ट आजच करा. या मशीनवर कॉपी केलेल्या कार्यक्रमांची मेमरी कार्डं फॉरमॅट करू नका. शक्य असेल तर ती दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या केबलने पुन्हा एकदा कॉपी करून ठेवा. खराब रॅम किंवा खराब केबल फक्त मशीन बंद पाडते असं नाही. ती गुपचूप चुकीचा डेटा लिहिते. फोटो अर्धा नीट आणि खालचा अर्धा राखाडी, किंवा मधूनच रंगाचा पट्टा सरकलेला, असं एखाद्या फाइलमध्ये दिसलं असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका. अल्बमची शीट पुन्हा बनवता येते, मुंडावळ्या बांधतानाचा फोटो पुन्हा काढता येत नाही. कॉपी बरोबर झाली का हे तपासायला सेव्हन-झिप हा फुकट प्रोग्राम टाका. फाइलवर राइट क्लिक केलं की त्यात सीआरसी-एसएचए असा पर्याय मिळतो, तो निवडला की फाइलमधल्या डेटावरून काढलेला तपासणीचा आकडा दिसतो. कार्डावरच्या फाइलचा आकडा आणि डिस्कवरच्या फाइलचा आकडा तंतोतंत जुळला पाहिजे. न बदललेल्या एकाच फाइलचा आकडा दोन वेळा काढल्यावर वेगवेगळा आला, तर काम तिथेच थांबवा, कारण मग तुमचं मशीन वाचलेलंही विश्वासाने सांगत नाहीये.

यानंतरचा आठवडा वहीचा. गडबड झाली की वेळ लिहा, त्या क्षणी नेमकं काय करत होता ते लिहा (लिक्विफाय, सेव्ह, मोठा ब्रश, झूम, फॉन्ट बदलणं), कुठली बाहेरची डिस्क जोडलेली होती ते लिहा, आणि त्याच सुमारास ट्यूब लाइट किंवा पंखा मंद झाला का तेही लिहा. लोकांना हे वेळखाऊ वाटतं. माझ्या अनुभवात मात्र निम्मं निदान याच पानांत सापडतं, कारण प्रत्येक बिघाडाचा आपला ठरलेला क्षण असतो. सेव्ह करताना अडणं आणि झूम करताना अडणं यांत मोठा फरक आहे. पहिल्यात संशय डिस्कवर जातो, दुसऱ्यात ग्राफिक कार्डावर.

आता एकेक तक्रार घेऊ.

स्क्रीन काळी होऊन परत येणं ही त्यातली सगळ्यात बोलकी खूण आहे. विंडोज ग्राफिक कार्डाला एखादं काम देतं आणि मूळ सेटिंगप्रमाणे दोन सेकंद उत्तराची वाट बघतं. उत्तर आलं नाही तर ते ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) बंद करून पुन्हा चालू करतं. तुम्हाला दिसते ती काळी स्क्रीन म्हणजे हा पुनर्जन्म. याची नोंद राहते. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडा, त्यात विंडोज लॉग्ज आणि त्याखाली सिस्टिम. वहीतल्या वेळेला ‘डिस्प्ले’ या नावाने ४१०१ क्रमांकाची नोंद सापडली तर शंका उरत नाही.

मग फोटोशॉपमध्ये कंट्रोल-के दाबून परफॉर्मन्समध्ये जा, ‘यूज ग्राफिक्स प्रोसेसर’ची खूण काढा, फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा आणि दोन-तीन दिवस असंच काम करा. काही फिल्टर करडे पडतील, झूम खडबडीत वाटेल, तेवढं सहन करा. काळी स्क्रीन थांबली तर रोख ग्राफिक कार्डाच्या बाजूला वळला. लगेच ‘कार्ड गेलं’ असं मात्र म्हणू नका. माझा क्रम असा असतो: आधी ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाकायचा. डीडीयू नावाचं फुकट साधन सेफ मोडमध्ये चालवलं की जुन्याचे अवशेष राहत नाहीत. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर गेमवाल्यांचा ड्रायव्हर न घेता ‘स्टुडिओ’ प्रकारचा घ्यायचा. त्यानंतर कॅबिनेट उघडून पंख्याची धूळ काढायची. त्यानंतर दुसऱ्या चांगल्या मशीनमध्ये कार्ड लावून बघायचं. तिथेही तसंच झालं तरच कार्ड बदलायचं. तुमचं कार्ड ४ जीबीचं आहे म्हणता. साध्या अल्बम डिझाइनला ते चालून जातं, पण कॅमेरा रॉमध्ये २०२३ सालापासून आलेलं एआय डीनॉइज (फोटोतले दाणे काढणारी सोय) त्यावर फार हळू चालेल. कार्ड लहान असणं आणि कार्ड बिघडणं यांत गल्लत करू नका.

आपोआप रिस्टार्ट होण्याबद्दल इव्हेंट व्ह्यूअरमध्ये तुम्हाला ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसेल. ‘पॉवर’ हा शब्द वाचून लोक लगेच एसएमपीएस (मशीनला आतून वीज पुरवणारा डबा) बदलतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. ते परिणाम सांगते, कारण सांगत नाही. कारण शोधायचं तर त्याच नोंदीच्या ‘डिटेल्स’मध्ये बगचेक कोड (विंडोजने लिहून ठेवलेला बिघाडाचा क्रमांक) बघा. तिथे शून्य असेल तर विंडोजला काही लिहून ठेवायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे वीज, यूपीएस, एसएमपीएस, अति उष्णता किंवा मशीन थिजल्यावर तुम्हीच दाबलेलं बटण. आकडा असेल तर आत निळी स्क्रीन आली होती, तुम्हाला दिसायच्या आत मशीन पुन्हा सुरू झालं. २७८ आला तर ग्राफिक ड्रायव्हर सावरू शकला नाही. २९२ आला तर खुद्द हार्डवेअरने चूक कळवली. २६ आला तर मेमरीकडे बघा. निळी स्क्रीन डोळ्यांनी बघायची असेल तर सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’त जाऊन ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ची खूण काढून ठेवा.

शून्य कोड आणि दिव्यांचा मंदपणा वहीत एकाच वेळेला आढळला तर यूपीएसकडे वळा. बाजारात मिळणारे ६०० व्हीएचे साधे यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतचा भार पेलतात, तोही बॅटरी ताजी असताना. ग्राफिक कार्ड जोरात चाललं, त्यात मॉनिटर आणि बाहेरची डिस्क, आणि बॅटरी तीन वर्षांची, अशा वेळी क्षणभर वीज गेली तरी मशीन पडतं. ब्राउझर चालू असताना भार कमी असल्यामुळे तेच मशीन तगतं. म्हणून ‘फोटोशॉपमध्येच रिस्टार्ट होतं’ असा भास होतो.

उष्णतेचा अंदाज एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये येतो. शंभरेक फोटो एक्सपोर्टला लावा आणि दहा मिनिटं प्रोसेसरचा आकडा बघत बसा. तो ९५ ते १०० अंशांवर चिकटून राहिला आणि त्याबरोबर वेग खाली आला, तर पंखा, धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट बघा. टेबलाच्या कप्प्यात बंद करून ठेवलेलं कॅबिनेट एप्रिल-मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे टिकाव धरणं कठीणच. ते कप्प्यातून बाहेर काढणं हा फुकटातला उपाय आहे.

प्रोसेसर कुठला ते तुम्ही लिहिलं नाही. इंटेलचा १३व्या किंवा १४व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल, विशेषतः वरच्या श्रेणीतला, तर मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून बायोस (मदरबोर्डमधला मूळ प्रोग्राम) अपडेट करून घ्या. जास्त व्होल्टेजमुळे या प्रोसेसरांत अस्थिरता येते हे इंटेलने २०२४ मध्ये स्वतः मान्य केलं, त्यासाठी मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अपडेट पुढचं नुकसान टाळतो, झालेलं भरून काढत नाही. त्यामुळे अपडेटनंतरही क्रॅश होत राहिले तर वॉरंटीत दावा करायचा.

आता रॅमकडे येऊ, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच आहे. रॅम कमी पडणं आणि रॅम खराब असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कमी पडते का, हे फोटोशॉप स्वतः सांगतं. खिडकीच्या तळाशी डावीकडे जिथे फाइलचा आकार दिसतो, तिथल्या बाणावर क्लिक करून ‘एफिशियन्सी’ निवडा. काम करताना तो आकडा १०० टक्के राहिला तर रॅम पुरते आहे, आणखी घालून वेग वाढणार नाही. सारखा ९०च्या खाली जात असेल तर फोटोशॉप रॅम सोडून डिस्कवर लिहितंय, आणि मग दुकानदाराचा सल्ला बरोबर. एक हिशेब करून बघा. १२ बाय ३६ची शीट ३०० रिझोल्यूशनला म्हणजे ३,६०० बाय १०,८०० पिक्सेल, सुमारे ३ कोटी ८९ लाख. आठ बिट आरजीबीत नुसती सपाट शीट सुमारे १११ एमबी होते, १६ बिटमध्ये दुप्पट. त्यावर पूर्ण मापाचे दहा-बारा लेयर, वर हिस्टरी. फोटोशॉप मुळात ५० पायऱ्यांची हिस्टरी ठेवतं आणि मोठा ब्रश किंवा फिल्टर चालवला की प्रत्येक पायरी जागा खाते. अशा सहा शीट एकदम उघड्या ठेवायची सवय असेल तर १६ जीबी संपणारच. हिस्टरी २० वर आणा, एका वेळी दोनच शीट उघडा, आणि मग एफिशियन्सी बघून ठरवा.

‘स्क्रॅच डिस्क फुल’ याच साखळीत बसतं. तुमची एसएसडी २५६ जीबीची, तिच्यावर विंडोज, सगळे प्रोग्राम आणि डेस्कटॉपवर चालू लग्नांचे फोल्डर. स्क्रॅच मुळात त्याच ड्राइव्हवर असतो. त्यात एक गोष्ट अनेकांना माहीत नसते: फोटोशॉप क्रॅश झालं की त्याची ‘फोटोशॉप टेम्प’ नावाची मोठी तात्पुरती फाइल पुसली न जाता तशीच राहते. म्हणजे ग्राफिक ड्रायव्हरमुळे एक क्रॅश, त्यामुळे काही जीबी जागा गेली, त्यामुळे पुढच्या वेळी स्क्रॅच लवकर भरला, त्यामुळे आणखी गडबड. तुमच्या तीन तक्रारी एकमेकींत कशा अडकल्या असतील ते इथे दिसतं. फोटोशॉप बंद असताना विंडोजच्या टेम्प फोल्डरमधल्या आणि तुम्ही स्क्रॅचसाठी निवडलेल्या ड्राइव्हवरच्या या फाइली काढून टाका. पुढे जमेल तेव्हा स्क्रॅचसाठी वेगळी एसएसडी घ्या. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर स्क्रॅच देऊ नका, आणि यूएसबीच्या बाहेरच्या डिस्कवर तर नकोच, कारण तिची केबल हलली की काम गेलं.

रॅम खराब आहे का, याची खूण निराळी. दर वेळी वेगळा एरर, कधी फोटोशॉप पडतं, कधी ब्राउझरचा टॅब, झिप फाइल उघडताना ‘करप्ट’ म्हणते आणि दुसऱ्यांदा उघडते. अशा वेळी मेमटेस्ट-८६ ही रॅमची चाचणी पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवायची, किमान चार फेऱ्या. एक जरी चूक निघाली तरी ती नापास. ‘एकच आहे, चालेल’ असं इथे नसतं. चूक निघाली तर आधी बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी बंद करून पुन्हा चाचणी घ्या. एक्सएमपी म्हणजे रॅम तिच्या मूळ वेगापेक्षा वर पळवणं, आणि काही मदरबोर्डांना ते झेपत नाही. बंद केल्यावर पास झाली तर रॅम बदलायची गरज नाही. नाहीतर एकेक पट्टी काढून कुठली खराब ते शोधा. ही चाचणी झाल्याशिवाय नवी पट्टी घेऊ नका असं मी म्हणते त्याचं कारण हेच. खराब पट्टीशेजारी चांगली लावली तर जागा वाढेल, बिघाड तसाच राहील, आणि चुकीचा डेटा लिहिणंही चालू राहील.

उड्या मारणारा कर्सर आणि आपोआप बदलणारं टूल यांचा वरच्या कशाशीही संबंध नसावा, असं माझं मत आहे. तुमच्याकडे वायरलेस कीबोर्ड-माऊस आहे आणि बॅकअपची यूएसबी ३ डिस्क मागे जोडलेली असते. यूएसबी ३च्या वाहतुकीतून २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात रेडिओचा गोंगाट होतो, आणि वायरलेस माऊसचा छोटा रिसीव्हर त्याच पट्ट्यात ऐकत असतो. इंटेलने २०१२ मध्ये याच विषयावर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं होतं. रिसीव्हर निळ्या पोर्टात, डिस्कच्या शेजारी खुपसलेला असेल तर डिस्कवर कॉपी चालू असताना माऊस अडखळतो आणि कीबोर्डची कळ सोडल्याचा इशारा वाटेतच हरवतो. मग संगणकाला वाटतं की ऑल्ट किंवा स्पेस अजून दाबलेलीच आहे, आणि ब्रशच्या जागी आयड्रॉपर किंवा हात येतो. उपाय: हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन घेऊन रिसीव्हर टेबलावर आणा. दोन दिवस साधा वायरचा कीबोर्ड लावून बघितलात तर निदान पक्कं होईल. शिफ्ट पाच वेळा दाबल्यावर सुरू होणाऱ्या स्टिकी कीजही सेटिंगमध्ये बंद करा, शॉर्टकट वापरणाऱ्यांच्या हातून त्या नकळत चालू होतात.

पेन टॅब्लेटवर बोटाच्या स्पर्शाची सोय असेल तर ती बंद करा, तळहात टेकला की कर्सर पळतो. ब्रश टेकल्यावर गोल वर्तुळ दिसून क्षणभर अडत असेल तर विंडोजमधलं ‘प्रेस अँड होल्ड’ म्हणजे पेन दाबून राइट क्लिक, ते बंद करा. टॅब्लेटच्या ड्रायव्हरमधली ‘विंडोज इंक’ची खूण काढायचा सल्ला जागोजागी मिळतो. ती काढली की फोटोशॉपमध्ये बहुधा पेनचा दाबच जातो, म्हणून तिला शेवटी हात लावा.

एक गोष्ट वायरमनकडून तपासून घ्या: अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात का? येत असतील तर अर्थिंग नाही किंवा तुटलंय. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला फरक दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. अर्थिंग नसलेल्या जागी पेन थरथरतो, यूएसबी डिस्क मध्येच सुटते, आणि माणूस सॉफ्टवेअर बदलत बसतो. शिवाय हा जिवाचा प्रश्न आहे, तो मशीन दुरुस्त होण्याची वाट बघू शकत नाही.

डिस्कची तपासणी पाच मिनिटांची. क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम उघडा. पिवळा किंवा लाल रंग दिसला, विशेषतः हार्डडिस्कच्या ०५, सी५ किंवा सी६ या ओळींत, तर आधी डेटा दुसरीकडे हलवा. चेकडिस्क वगैरे चालवून मरत्या डिस्कला राबवू नका. सी७चा आकडा वाढत असेल तर संशय केबलवर घ्या. साटा केबल बदलून भागतं.

फॉन्टचंही बघा. मराठी अल्बमसाठी वर्षानुवर्षं जमवलेले शेकडो फॉन्ट, त्यात कुठून कुठून आलेले जुने देवनागरी फॉन्ट, आणि टाइप टूल घेतलं की मशीन अडतं, असं होत असेल तर लागतील तेवढेच ठेवा आणि टाइप मेनूतला फॉन्ट प्रिव्ह्यू बंद करा. प्लगइनचा संशय असेल तर फोटोशॉप उघडताना शिफ्ट दाबून धरा, ते बाहेरचे प्लगइन वगळायचे का असं विचारतं. कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट धरून प्रेफरन्सेस पुसण्याचा मार्गही आहे, पण त्याआधी तुमच्या अ‍ॅक्शन्स आणि ब्रश सेव्ह करून दुसरीकडे ठेवा. वर्षांची मेहनत त्यात असते.

आणि फोटोशॉप कुठून आलंय, हे तुम्ही सांगितलं नाही, पण मला बोलणं भाग आहे. क्रॅक (परवाना न घेता चालवलेली प्रत) असेल तर ते टाकताना अँटिव्हायरस बंद करायला लावलं असेल, आणि त्याबरोबर आत काय आलं हे कुणालाच सांगता येत नाही. तुम्ही काही करत नसताना टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक कार्ड राबताना दिसलं तर कुणीतरी तुमच्या विजेवर क्रिप्टो नाणी काढत असू शकतो. अशा मशीनवर माझं कुठलंच निदान भरवशाचं ठरणार नाही. अधिकृत चाचणी आवृत्ती घ्या किंवा गिम्पवर तपासा, म्हणजे निदान तपासणी तरी स्वच्छ होईल.

सगळं एकदम बदलू नका. एक बदल, दोन दिवस काम, वहीत नोंद, मग दुसरा. तुमच्या जागी मी असते तर आज रिसीव्हर हलवला असता आणि टेम्प फाइली काढल्या असत्या, रात्री मेमटेस्ट लावली असती, आणि उद्यापासून ग्राफिक्स प्रोसेसरची खूण काढून काम केलं असतं. यात खर्च एका एक्स्टेन्शन केबलचा.

आठवड्याने मला या गोष्टी कळवा: मेमटेस्टचा निकाल, ४१ क्रमांकाच्या नोंदीतला बगचेक कोड, ४१०१ची नोंद किती वेळा आली, काम करतानाची एफिशियन्सी, आणि फोटोशॉपच्या हेल्प मेनूतली ‘सिस्टिम इन्फो’ कॉपी करून. सिरीयल नंबर आणि ईमेल त्यातून आधी खोडा. एवढं हातात आलं की रॅम, कार्ड, यूपीएस की काहीच नाही, हे मी तुम्हाला नाव घेऊन सांगू शकेन.